दोन टाके होईपर्यंत

रफूमावशीला झोप कधी लागते आणि जाग कधी येते हे तिचं तिलाही नीट ठाऊक नसे. दुपारचं जेवण झालं की ती खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसायची, मांडीवर काम घ्यायची, आणि मग अंगावरचं ऊन, मांडीवरचं कापड आणि डोळ्यांवरची झापड यांचं असं काही मेतकूट जमायचं की बघणाऱ्यालाही जांभई यावी. मान एका बाजूला कलायची, तोंड किंचित उघडं पडायचं, आणि हात मात्र चालूच. सुई आत, सुई बाहेर. "मावशीचं डोकं झोपतं, पण बोटांची रजा काही मंजूर होत नाही," असं खालच्या दुकानातला न्हावी म्हणायचा.

ही थट्टा नुसती थट्टा नव्हती. एकदा मावशीनं डुलकीत एका गिऱ्हाइकाची पँट स्वतःच्याच बाहीला शिवून टाकली होती. उठून चहा टाकायला गेली तर पँट तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात. तिची भाची त्या वेळी घरातच होती. भाची औषधांच्या दुकानात कामाला होती, मावशीजवळ राहायची, आणि जगात सगळं कसं बाटलीवर चिठ्ठी लावल्यासारखं स्पष्ट असावं असं तिचं मत. तिनं कपाळाला हात लावला. मावशी म्हणाली, "अगं, टाके बघ तरी. कुठं हलले का?" खरंच हलले नव्हते. उसवायला भाचीला अर्धी दुपार लागली.

मावशीचं काम फार मोठं नव्हतं आणि फार सोपंही नव्हतं. कापडाला भोक पडलं की त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून चार धागे ओढायचे आणि भोकावर नवं कापड विणायचं. जमलं तर भोक कुठं होतं ते कपड्याच्या मालकालाही सापडत नाही. खुर्चीच्या उजव्या हातावर तिनं सुयांची एक उशी बसवली होती. त्या उशीत रंगारंगाचा दोरा ओवलेल्या सुया ओळीनं टोचलेल्या असत. पांढरा, पिवळट, तपकिरी, राखाडी, काळा. न बघता हात जायचा आणि हवी ती सुई घेऊन यायचा.

मावशीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते एका कचेरीत नकाशे काढायचे. दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती, दारं, जिने दिवसभर कागदावर अचूक मांडायचे, आणि घरी आले की स्वतःचा चष्मा कुठं ठेवला ते त्यांना आठवायचं नाही. मग शोधाशोध. खुर्चीलगतच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण ही त्यांची आवडती जागा. तिथं ते उकिडवे बसून हात घालायचे, आणि त्यांच्या राखाडी कोटाचा काठ मावशीच्या मांडीवर पसरायचा. कचेरीतल्या उंच स्टुलावर घासून घासून तो काठ नेहमीच उसवलेला. मावशीला उसवलेलं बघवत नसे. ती हातातलं काम बाजूला करायची आणि म्हणायची, "अहो, हलू नका, सुई टोचेल. दोन टाके घालते. चष्मा काय पळून जातोय?"

ते कधी थांबायचे नाहीत. पहिला टाका पडतो न पडतो तोच "सापडला, सापडला" म्हणून उठायचे आणि दोरा तटकन तुटायचा. त्यांच्या एकूण एक कोटांच्या काठांना एकेकच टाका होता. संसार झाला तो असाच, एका टाक्याचा.

ते गेले तेव्हा मावशी फारशी रडली नाही. तिला वाटलं, स्वप्नात येतील, तेव्हा बोलू निवांत. आणि नेमकं तेच झालं नाही. न्हाव्याच्या बायकोच्या स्वप्नात तिची सासू नेमानं यायची आणि भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलून जायची. समोरच्या शिक्षकांच्या स्वप्नात त्यांचा कुत्रासुद्धा यायचा. मावशीच्या स्वप्नात रंगीत दोरे यायचे, न पाहिलेल्या गावांतले रस्ते यायचे, पाण्यावर तरंगणारी शिवणयंत्रं यायची. हे काही यायचे नाहीत. "इतरांची माणसं येतात बाई," ती भाचीला म्हणायची. "आमचे बहुतेक तिथंही चष्माच शोधत बसलेत." आणि हसायची. ते हसणं भाचीला आवडत नसे, कारण त्याच्यामागं काय आहे ते तिला दिसायचं.

आता त्या दुपारचं सांगतो. नाट्यगृहाचा मोठा पडदा दुरुस्तीला आला होता. डाळिंबी मखमल, जागोजाग कसर लागलेली. तो पडदा खोलीभर पसरून दारातून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेला होता, म्हणून दार उघडंच. खोलीत सगळीकडे मखमलीचा लाल उजेड. मावशी त्याच्या मध्यभागी, खुर्चीत, त्याचाच एक काठ मांडीवर घेऊन, झोपेच्या उंबरठ्यावर. भाची कामावर.

चोर आला तो त्या उघड्या दारातून. पडद्यावरून चालला म्हणून पावलांचा आवाज झाला नाही. म्हातारी झोपलेली, कपाटाचा खालचा खण तिच्या पायाशी. तो उकिडवा बसला, खणात हात घातला, आणि रुमालात गुंडाळलेली सोनसाखळी त्याच्या हाताला लागली. ती खिशात टाकून तो सुसाट पळाला. पण त्याच्याबरोबर पडदाही निघाला. कारण त्याच्या राखाडी कोटाचा काठ पडद्याला शिवलेला होता. दारात मखमल पायांत गुंडाळली, आणि तो पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर. न्हावी वस्तरा हातात घेऊन धावत आला तेव्हा जिन्याच्या तळाशी डाळिंबी मखमलीत गुंडाळलेला एक माणूस गुडघा धरून ओरडत होता. न्हाव्यानं त्याला पकडलं असं न्हावी पुढं सांगत असे. खरं तर पकडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चोरी शाबित झाली, शिक्षा झाली, साखळी परत मिळाली. वस्तीनं त्याला 'कोटवाला' असं नाव दिलं आणि विसरून गेली.

शिक्षा भोगून कोटवाला सुटला तो कुबडी घेऊन. गुडघा वाकडा जुळून आला होता. पूर्वी तो घरोघर छत्र्या दुरुस्त करत हिंडायचा. आता त्याला जिने चढता येत नव्हते. आणि एके दिवशी मावशीच्या दारात कोर्टाचा बेलिफ कागद घेऊन उभा राहिला. कोटवाल्यानं दावा लावला होता. मावशी जागी होती, तिनं त्याला पाहिलं, बोलण्यात गुंतवलं आणि मुद्दाम कोट पडद्याला शिवून आपल्याला जन्माचं अधू केलं, असं त्याचं म्हणणं. त्याची भरपाई द्यायची तर साखळी पुरली नसती, आणि तेवढ्या मोलाची मावशीकडे एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही खोली.

खाली न्हाव्याच्या दुकानात नुसता कल्लोळ. "चोराच्या उलट्या बोंबा!" न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण फासत गरजला. "चोरी करायची यानं आणि पैसे द्यायचे हिनं? उद्या म्हणेल, साखळी हलकी निघाली, तीही भरून द्या!"

समोरचे शिक्षक म्हणाले, "अशा माणसाला कोर्टाची पायरी चढूच द्यायला नको."

"चढू द्यायला नको म्हणजे?" हे विचारणारी वकीलबाई. ती मावशीची जुनी गिऱ्हाईक, तिच्या काळ्या डगल्याचे दोन्ही कोपरे मावशीनंच विणलेले. "एकदा गुन्हा केला म्हणून तोंड कायमचं बंद? मग उद्या त्याचे हातपाय कुणीही मोडावेत. त्याला विचारायचा हक्क आहे. आपल्याला उत्तर द्यायचा आहे. आणि उत्तर सोपं आहे. मावशी झोपली होती."

मावशी वर खिडकीत बसून हे सगळं ऐकत होती. तिला राग आला होता का? थोडासा. पण जास्त करून तिला त्या गुडघ्याचं वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त, त्या दुपारचं आपल्याला काहीच कसं आठवत नाही, याचं. लाल उजेड आठवत होता. ऊन मांडीवर होतं. अन् मग ओरडणं ऐकून ती दचकून उठली होती, छातीत काहीतरी गोड, ऊबदार भरून आलेलं, आणि हातात रिकामी सुई. ते गोड काय होतं हे ती पुढं कितीतरी दिवस शोधत राहिली. सापडलं नाही.

वकीलबाईनं तिच्याकडून तयारी करून घेतली. "मावशी, तुम्ही पडदा शिवत होतात. डुलकी लागली. कोट मध्ये आला. बास. ते विचारतील, पडदा डाळिंबी आणि टाके राखाडी दोऱ्याचे कसे? सांगायचं, उशीतली कुठलीही सुई हातात येते. बाहीला पँट शिवल्याचंही सांगा. आणि तो म्हणेल, तुम्ही त्याच्याशी बोललात. ते साफ खोटं. तुम्ही झोपेत होतात, झोपलेलं माणूस बोलतं का? नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं," मावशी म्हणाली.

"एवढंच करा. खोली कुठं जात नाही."

तारखेच्या दिवशी भाचीनं मावशीला जड जेवण दिलं नाही, कोर्टात पेंगायला नको म्हणून.

कोर्टाची खोली मावशीला वाटली होती तशी भीतीदायक नव्हती. उंच छत, धुळीनं माखलेल्या काचा, त्यांतून तिरपं उतरणारं ऊन. वर पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याच्याकडे बघता बघता मावशीच्या पापण्या जड व्हायला लागल्या. भाचीनं कोपरानं ढोसलं. टेबलावर तो राखाडी कोट घडी करून ठेवलेला. काठाला मखमलीचा एक फाटका तुकडा अजून लटकत होता. पुराव्यांच्या कपाटात किती धूळ खाल्ली असेल बिचाऱ्यानं.

आधी कोटवाला उभा राहिला. कुबडी काखेत, चेहरा ओढलेला. चोरी केली, कबूल, त्याची शिक्षा भोगली, असं तो म्हणाला. गुडघा शिक्षेत धरलेला नव्हता, असंही म्हणाला. बाकावर बसलेला न्हावी मोठ्यानं हुंकारला. न्यायाधीशांनी वर पाहिलं, तसा तो खोकल्याचं नाटक करू लागला.

मग वकीलबाईची उलटतपासणी सुरू झाली. ती आज जोरात होती. "तुम्ही म्हणता, या तुमच्याशी बोलल्या. काय बोलल्या? नेमके शब्द सांगा. का आता आठवत नाहीत?"

"आठवतात," कोटवाला म्हणाला. "तुरुंगात रोज आठवायचे. त्या म्हणाल्या, अहो, हलू नका, सुई टोचेल."

बाकांवर हशा पिकला. वकीलबाईही हसली. "चोराला अहो? बरं, पुढं?"

"म्हणाल्या, दोन टाके घालते. आणि मग म्हणाल्या, चष्मा काय पळून जातोय."

आता तर न्यायाधीशांच्याही ओठांचे कोपरे हलले. "चष्मा?" वकीलबाईनं विचारलं. "कुणाचा चष्मा?"

"मला काय ठाऊक! मी साखळीसाठी हात घातला होता. पण खणात चष्मा होता खरा, माझ्या हाताला लागला. मला वाटलं तोच मागतात की काय."

सगळे हसत होते. मावशी हसत नव्हती. तिची झोप कुठल्या कुठं उडाली होती आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता. ते शब्द या जगात दोनच माणसांना ठाऊक होते. त्यांतलं एक गेलं होतं आणि दुसरं इथं बाकावर बसलं होतं. भाचीलासुद्धा तिनं कधी सांगितले नव्हते, सांगण्यासारखं त्यात काय होतं? आणि त्या दुपारी जाग येतानाचं ते गोड, ऊबदार, इतके दिवस न सापडलेलं, ते आता एकदम हाताला लागलं. ते आले होते. खणापाशी बसले होते, कोटाचा काठ मांडीवर टाकून. ती त्यांच्याशी बोलली होती. आणि मग ती सगळं विसरून गेली होती.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, खरं बोलेन म्हणाली आणि कठडा धरून उभी राहिली.

"मावशी," वकीलबाई म्हणाली, "त्या दुपारी तुम्ही झोपेत होतात ना?"

"ते मला सांगता येत नाही."

वकीलबाईनं डोळ्यांनी खूण केली. "बरं. पण हे जे शब्द यांनी सांगितले, ते तुम्ही बोलला नाहीत. बरोबर?"

एवढं 'नाही' म्हणायचं होतं. एकच शब्द. खोली, खिडकी, खुर्ची, सगळं त्या एका शब्दावर शाबूत राहणार होतं. मावशीनं बाकावरच्या भाचीकडे पाहिलं. पण तो शब्द म्हटला की ते आले नव्हते असं ठरणार होतं. सही-शिक्क्यानिशी ठरणार होतं. आणि इतक्या वर्षांत ते एकदाच आले होते.

"बोलले," मावशी म्हणाली. "ते माझेच शब्द आहेत. हा माणूस खोटं बोलत नाही."

न्हाव्यानं कपाळावर हात मारल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. न्यायाधीश पुढं झुकले. "म्हणजे हा चोर आहे हे तुम्हाला कळलं होतं?"

"नाही हो. मला वाटलं आमचे हे आहेत."

"ते कुठं होते त्या वेळी?"

"ते वारलेत," मावशी म्हणाली. "साहेब, याला एक विचारू का? दुसरं कुणी नव्हतं तिथं. हाच एक होता बघायला."

न्यायाधीशांनी वकीलबाईकडे पाहिलं, कोटवाल्याच्या वकिलाकडे पाहिलं. मग मान हलवून परवानगी दिली.

मावशी कोटवाल्याकडे वळली. "मी तसं म्हटल्यावर तू काय केलंस रे?"

"थांबलो," तो म्हणाला.

"हलला नाहीस?"

"नाही. भीतीनं हलताच येईना. तुम्ही एक टाका घातलात. मग दुसरा घातलात. तुमचे डोळे अर्धे उघडे होते आणि तुम्ही हसत होतात." त्यानं कुबडीवरची पकड बदलली. "मग दोरा तोडायला तुम्ही मान खाली आणलीत. मला वाटलं, आता तोंड बघतील माझं. म्हणून पळालो."

"पण दुसरा टाका झाला होता?"

"झाला होता."

"नक्की?"

"नक्की, मावशी." तोही तिला मावशी म्हणाला, हे त्याच्या लक्षातही आलं नसावं.

मावशीनं टेबलावरच्या कोटाकडे पाहिलं. तिच्या जागेवरून टाके दिसत नव्हते, आणि बघायची गरजही नव्हती. ती न्यायाधीशांना म्हणाली, "झालं माझं." आणि डोळे पुसत खाली उतरली. तिला आतून इतका आनंद झाला होता की तो लपवायचा कुठं हेच कळेना.

निकाल लागला तो धड इकडचा ना तिकडचा. सापळा रचल्याचं सिद्ध झालं नाही, पण हातात सुई असताना समोर कोण आहे ते बघायला हवं होतं, आणि दारातून जिन्यावर पडदा सोडणं हाही निष्काळजीपणाच. गुडघ्याच्या उपचारांचा खर्च मावशीनं द्यावा, बाकीची मागणी फेटाळण्यात येते. "चोर सोडून संन्याशाला फाशी!" भाची रडत म्हणाली. वकीलबाई आठवडाभर मावशीशी बोलली नाही, आणि मग डगल्याचा खिसा उसवला तेव्हा मुकाट्यानं जिना चढून आली. शिक्षक अजून म्हणतात की तो दावा घ्यायलाच नको होता. मला विचाराल तर त्यानं दावा लावला नसता तर त्या दुपारी काय झालं हे मावशीला कोण सांगणार होतं? पण हे मी न्हाव्याच्या दुकानात बोलत नाही. तिथं माझ्या गळ्यापाशी वस्तरा असतो.

खोली विकावी लागली नाही, पण तिचा पुढचा अर्धा भाग, मोठ्या खिडकीसकट, एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला भाड्यानं द्यावा लागला. मावशीची खुर्ची आत गेली, अंगणाकडच्या लहान खिडकीपाशी. ऊन तिथं उशिरा येतं आणि लवकर जातं. बारीक काम आता तिला जड जातं. घड्याळांची टिकटिक भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू येते, आणि ती म्हणते, झोपेला बरी आहे.

कपाटही तिनं आत नेलं. साखळी आता बँकेत आहे, भाचीनं स्वतः नेऊन ठेवली. खालच्या खणात फक्त चष्मा आहे.

परवा दुपारी भाची कामाला निघाली. मावशी खुर्चीत, मांडीवर कुणाचीतरी शाल, मान कलायला लागलेली. भाचीनं आतलं दार लोटून घेतलं.

"राहू दे उघडं," मावशी डोळे मिटूनच म्हणाली.

"उघडं? अजून हौस फिटली नाही का? परत कुणी आत शिरलं म्हणजे?"

"शिरलं तर शिरू दे." मावशीचा हात खुर्चीच्या हातावरच्या उशीकडे गेला, राखाडी दोऱ्याच्या सुईवर टेकला आणि तिथंच राहिला. "फक्त मला उठवू नका."

भाचीनं दार पुन्हा उघडून ठेवलं, खाली जाऊन न्हाव्याला जिन्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती आपल्या औषधांच्या दुकानात गेली.